माळ्यावरचं पुरणयंत्र खाली काढूया

मैत्रिणींनो, कुणी शेतातून आत्ताच घरी आल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आम्ही बचत गटातल्या बायका.

आज आम्ही पुरणयंत्राबद्दल बोलणार आहोत. होळीला निघतं, पोळ्याला निघतं आणि मग पिशवीत बांधून पुन्हा माळ्यावर जातं, तेच यंत्र. बाकीचं वर्षभर ते तिथंच धूळ खातं. आता मिक्सर आल्यापासून तर कित्येकींनी ते सणालासुद्धा खाली काढलेलं नाही.

आमचं ते बाहेर निघालं एका सासूबाईंमुळं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचे सगळे दात गेले. त्या जेवायला बसायच्या, दोन घास खायच्या आणि "भूक नाही" म्हणून ताट सारायच्या. अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं. सुनेनं सगळं जेवण मिक्सरमधून एकत्र काढून दिलं, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "मला काय तान्हं बाळ समजलीस?" तेव्हा आम्हाला कळलं, भूक होती. चावता येत नाही हे सांगायची लाज वाटत होती.

मग आम्ही यंत्र काढलं. शिजलेली डाळ-मेथी वेगळी फिरवली, भोपळ्याची भाजी वेगळी फिरवली. भाकरी कुस्करून गरम आमटीत भिजवली आणि मऊ झाल्यावर जाड जाळीतून काढली. ताटात सगळं आपापल्या जागी वाढलं. भाजीला भाजीची चव, आमटीला आमटीची. सासूबाई पोटभर जेवल्या. एवढं मात्र लक्षात ठेवा: गिळताना सारखा ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता बाळांचं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं खाणं सुरू करायचं. डाळ-भात, गाजर, रताळं, लाल भोपळा मऊ शिजवा, बारीक जाळीतून काढा, वर थोडं तूप घाला. पाणी घालून पातळ करू नका. चमचा तिरका केला तर घरंगळू नये, इतकं दाट असावं. आठव्या-नवव्या महिन्यात जाड जाळी लावा. वर्षाचं झालं की बाळाला घरातलंच जेवण कुस्करून द्या. सगळं गाळूनच देत राहिलो, तर ते चावायला कधी शिकणार?

तुम्ही म्हणाल, मिक्सर असताना हात कशाला दुखवायचे? फरक असा, की मिक्सर साल, बी, दोरे सगळं एकत्र वाटतो. यंत्र गर खाली पाडतं आणि नको ते वर ठेवतं. शिवाय त्याला वीज लागत नाही. शेवग्याच्या शेंगा उकडून फिरवून बघा. दोरे वर राहतात, गर खाली येतो. त्याची आमटी म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही खाता येते.

टोमॅटोचा भाव पडला की तोडणीचा खर्चही निघत नाही, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. सगळं पीक काही यंत्र वाचवणार नाही, पण घरापुरतं नक्की वाचतं. टोमॅटो धुऊन चिरा, पाणी न घालता साल सुटेपर्यंत शिजवा आणि फिरवा. रस पुन्हा आटवा. घरात फ्रीज असेल तर त्यात ठेवून आठवडाभरात संपवा. नसेल तर ताटाला तेलाचा हात लावून पातळ पसरा, वर सुती कापड बांधा आणि आंबापोळीसारखी कडक उन्हात वाळवा. साली शेळीला घाला. विकायचा विचार असेल तर आधी प्रशिक्षण घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडं नोंदणी करा. कच्चं काम करून गटाचं नाव घालवू नका.

डोंगराकडच्या मैत्रिणींना सीताफळ माहीतच आहे. त्याचा गर काढताना बी मिक्सरमध्ये कधीही घालू नका. फुटलेलं बी विषारी असतं आणि डोळ्याला तर फार वाईट. जाड जाळीवर अगदी हलक्या हातानं फिरवा, म्हणजे बी अख्खं राहतं. बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. चिंचेचा कोळही असाच निघतो. चिंच आधी गरम पाण्यात भिजवा. चिंचोके, शिरा वर राहतात.

थोडं यंत्राच्या काळजीबद्दल. जुनं पितळी यंत्र असेल आणि कल्हई गेली असेल, तर चिंच, टोमॅटो असलं आंबट त्यात घालू नका. स्टीलचं चालेल. काम झालं की लगेच पाण्यात बुडवा, वाळलं की भोकं बुजतात. जुन्या दात घासायच्या ब्रशनं भोकं साफ करा. बाळाचं खाणं करायच्या आधी यंत्रावर उकळतं पाणी ओता. कोरडं करून फळीवर, हाताशी ठेवा. माळ्यावर गेलं की विसरलंच.

पदार्थ गरम असतानाच फिरवला तर हाताला कमी जोर लागतो. आणि मैत्रिणींनो, मूठ फिरवायला बाईचाच हात लागतो असं काही नाही. आमच्याकडं आता मालक फिरवतात, नातवंडं फिरवतात.

ज्यांच्याकडं यंत्र नाही, त्यांनी गटात एक विकत घ्यावं आणि पाळीनं वापरावं. आणि आज रात्री जेवताना एवढं करा, घरातलं कोण "भूक नाही" म्हणून लवकर उठतंय, ते बघा. त्यांना खरंच भूक नाही, का चावता येत नाही, हे जवळ बसून विचारा.