बर्फाचं दफ्तर



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने आपल्या लेखनप्रवासाबद्दल बोलावं असा प्रघात आहे. तुमच्या परवानगीने तो मी मोडतो. मला आज ध्रुवीय बर्फावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या रोजच्या, पगारी कामाबद्दल बोलायचं आहे. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथल्या लोकांसमोर बर्फाचं पुराण कशाला, असं कुणाला वाटेल. पण तापमानाच्या नोंदीची किंमत महाराष्ट्रात सगळ्यांत चांगली कुणाला कळत असेल तर ती यावल-रावेरच्या केळीवाल्याला. थंडीत बागेला चरका लागतो, उन्हाळ्यात ती होरपळते. फळपीक विम्याचे पैसे मात्र बाग बघून मिळत नाहीत. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने सलग किती दिवस कोणता आकडा नोंदवला, त्यावर ते ठरतात. एका अंशाने बुडालेला शेतकरी मला हवामानशास्त्राचा सर्वांत जागरूक वाचक वाटतो.

ध्रुवीय संशोधनातलं मराठी माणसाचं पहिलं मोठं नाव डॉ. अदिती पंत यांचं. जन्म १९४३ चा, नागपूरचा. वडील औंधच्या राजघराण्यातले, पुढे राजदूत झालेले आप्पासाहेब पंत. पुण्याला बी.एस्सी. झाल्यावर त्यांच्या हाती ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ पडलं आणि समुद्रच शिकायचा हे नक्की झालं. मग हवाई विद्यापीठ, लंडनला पीएच.डी. आणि परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पोचल्या. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं ठाणं त्याच मोहिमेने उभारलं. ते तरंगत्या हिमस्तरावर होतं. काही वर्षांत बर्फाने त्याला गिळलं आणि १९८९ मध्ये ‘मैत्री’ हे पुढचं ठाणं खडकावर उभं राहिलं.

पंत बर्फाच्या अभ्यासक नव्हत्या. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती आणि त्यांच्यावर उभी असलेली अन्नसाखळी हा त्यांचा विषय. तरी त्यांच्यापासून सुरुवात केली, कारण आपल्या या संमेलनाला त्यांच्या आयुष्यातलं ते पुस्तक फार जवळचं आहे. हार्डी १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून अंटार्क्टिकाकडे गेलेले प्राणिशास्त्रज्ञ. जहाजामागे ओढत नेलं की रेशमी जाळीच्या गुंडाळीवर प्लवक आपोआप टिपत जाणारं एक यंत्र त्यांनी त्या मोहिमेसाठी बनवलं. पुढे त्याची सुधारलेली आवृत्ती मालवाहू जहाजांमागे बांधली गेली आणि १९३१ पासून उत्तर अटलांटिकमध्ये ती नोंद आजही चालू आहे. ज्याने आयुष्यभर नोंदी ठेवल्या त्यानेच रसाळ पुस्तक लिहिलं, त्यातली चित्रंही स्वतः रंगवली, आणि ते वाचून पुण्यातली एक मुलगी समुद्राकडे वळली. विज्ञानलेखनाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच उदाहरण देतो.

आता बर्फाकडे येऊ. इथे मला धुळ्याचाच आधार घ्यावा लागतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या दुकानांतून रद्दीत निघालेले कागद सोडवून आणले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापत राहिले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते याच धुळ्यात गेले. त्यांचा संग्रह इथल्या राजवाडे संशोधन मंडळाने जपला. ध्रुवीय बर्फाचा अभ्यासक दुसरं काही करत नाही. फक्त त्याचं दफ्तर निसर्गाने लिहिलेलं आहे. दरवर्षी पडणारा बर्फ वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचा बसतो. वजनाने खालचा दाबला जातो आणि साधारण सत्तर-शंभर मीटर खोलीवर त्यातल्या मोकळ्या जागा बंद होऊन त्या काळची हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. पोकळ गिरमिटाने बर्फाचे लांब दंडगोल बाहेर काढायचे, कापायचे, वितळवायचे, मोजायचे. पाण्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून थंडी कळते, बुडबुड्यांवरून हवा कळते, आम्लाच्या थरांवरून ज्वालामुखी.

आणि तिथी जुळवण्याचं कामही राजवाड्यांसारखंच. १८१५ साल घ्या. आपल्या दफ्तरांत त्या वर्षी पंढरपुरात झालेला गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून आहे, त्यावरून पेशवे आणि इंग्रज यांच्यात झालेली पत्रापत्री आहे. बर्फाच्या दफ्तरात त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात फुटलेल्या तांबोराचा गंधकाम्लाचा थर आहे, आणि तो दोन्ही ध्रुवांवर सापडतो. असा एक थर हाती लागला की वरखाली वर्षं मोजता येतात. अंटार्क्टिकातल्या ‘डोम सी’ इथे तीन किलोमीटरांहून खोल भोक पाडून युरोपीय शास्त्रज्ञांनी आठ लाख वर्षांचा बर्फ वर आणला. त्या सगळ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण १७० ते ३०० भागांच्या मध्येच हलत राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. या एका वाक्यासाठी किती माणसांची किती वर्षं गेली असतील, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

हा हिशेब आपण लिहावा, अशी माझी मागणी आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर घाम निथळत असतो आणि आत बर्फाच्या प्रयोगशाळेत उणे २० अंश. तिथे काम करणारी मुलं-मुली सकाळी जाड कोट चढवून आत जातात, करवतीने नमुने कापतात, हात बधिर झाले की बाहेर येतात. अंटार्क्टिकाला जायचं म्हणजे आधी वैद्यकीय तपासण्या, औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या हाताखाली बर्फावर राहण्याचं प्रशिक्षण, मग केपटाउनमार्गे विमान किंवा जहाज. उन्हाळ्याचे काही आठवडे बर्फावर, आणि त्यातून आणलेल्या पेट्यांवर पुढे कित्येक वर्षं प्रयोगशाळेत. हिमालयाचं पथक वेगळं. २०१६ पासून स्पितीत ‘हिमांश’ हे केंद्र आहे. उत्तरेत स्वालबार्डला २००८ पासून ‘हिमाद्री’.

पेंग्विनबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे ध्रुवांवर लिहिताना पेंग्विन, हिमवादळ आणि तिरंग्यासह फोटो एवढ्यावर भागवायची सवय आहे. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या बी.एस्सी.च्या मुलीला त्यातून काहीच कळत नाही. तिला कळायला हवं की भूशास्त्र, भौतिकी, रसायन, यांतलं काहीही घेऊन या कामात शिरता येतं. नेटची परीक्षा, संशोधनवृत्ती, पीएच.डी., आणि त्यानंतर कायम जागेची लांबलचक वाट असं हे गणित आहे. पस्तिशीपर्यंत घरचे विचारत राहणार की नोकरी कधी लागणार. आणि तरीही लोक हे का करतात, हे सांगणारं मराठी गद्य हवं. सुदीप्ता सेनगुप्तांनी अंटार्क्टिकावर बंगालीत पुस्तक लिहिलं. बंगाली वाचकाला ते त्यांच्याच भाषेत मिळालं, याचा मला हेवा वाटतो.

खान्देशाचा या सगळ्याशी संबंध काय? एक धागा सांगतो. २०२१ मध्ये गोव्याच्या केंद्रातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी झाला की मध्य भारतात सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीला हातभार लागत असावा, असं त्यात मांडलं आहे. त्यांनीही ‘शक्य आहे’ असंच म्हटलंय, मीही तेवढंच म्हणतो. वर्तमानपत्री मथळ्यासारखं ‘सिद्ध झालं’ म्हणू नका. पण सप्टेंबरच्या पावसात कपाशीची बोंडं सडलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कारा समुद्र यापुढे परका वाटायला नको.

शेवटी या संमेलनापुढे एक काम ठेवतो. पांझरेच्या काठावर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याचं पाणी किती, त्यावर कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, त्या वर्षी ऊस आणि कोणत्यात भुसार, हे गाव मिळून ठरवायचं आणि पाटकरी पाणी फिरवायचा. म्हणजे बर्फाच्या थरांसारखंच, कोणत्या फडात कोणतं पीक होतं, यात त्या वर्षाच्या पाण्याचा अंदाज दडलेला आहे. काही फड अजून भिजतात, जुने पाटकरी अजून बोलतात, काही घरांत हिशेबाच्या वह्या असतील. साक्रीपासून धुळ्यापर्यंतच्या गावांची आपसांत वाटणी करू. दुपारच्या सत्रानंतर मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. कुणी कोणतं गाव घेणार, ते तीत लिहून द्या. वर्ष, फड, पीक आणि सांगणाऱ्याचं वय, एवढ्या चार रकान्यांनी सुरुवात करू. ज्यांना अहिराणी येते त्यांनी सांगणाऱ्याचं बोलणं अहिराणीतच उतरवावं, प्रमाण मराठीत नंतर आणता येईल.