बोट पाण्याबाहेर काढून बघा

नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे भर समुद्रात जाणाऱ्या शिडाच्या बोटींचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: गोदावरी-मांजरेच्या काठच्या माणसांना याचं काय? आपल्या भागातली मुलं नौदलात आहेत, व्यापारी जहाजांवर आहेत, नोकरीच्या निमित्तानं परदेशी किनाऱ्यांवर घर करून राहिली आहेत. गाठीला चार पैसे आले की त्यांतल्या एखाद्याला वाटतं, स्वतःची बोट घ्यावी आणि लांब जावं. नवी परवडत नाही, म्हणून जुन्या दोन-तीन बघितल्या जातात आणि त्यांतली एक निवडायची असते. जुनं जनावर पारखण्याचं शहाणपण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. तेच नेमकं त्या वेळी गावाकडे राहून जातं. माझी तक्रार तेवढीच आहे, आणि हातात मिनिटं मोजकी असली तरी मी ती पुन्हा पुन्हा करणार आहे.

हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत बैल घ्यायला गेलेला शेतकरी शिंगांचा हिंगूळ आणि पाठीवरची झूल बघून पैसे मोजतो का? शिंगं साळलेली आहेत, अंगाला तेल आहे, गळ्यात घुंगरमाळ आहे, आणि हे सगळं विकणाऱ्यानं काल रात्री केलेलं आहे, हे त्याला ठाऊक असतं. तो जबडा उघडतो. चार दाती आहे, सहा दाती आहे की जुळलेला, ते बघतो. खूर उचलून बघतो, खांद्यावर हात फिरवतो, चालवून बघतो, जमलं तर औताला जुंपतो. मग कुठे रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. जुन्या बोटीतल्या नव्याकोऱ्या गाद्या, पॉलिश केलेलं लाकूड, चकचकीत जीपीएस आणि फ्रीज ही सगळी झूल आहे. बोटीचे दात, खूर आणि खांदा पाण्याखाली असतात: कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड भाग, ही कील ज्या बोल्टांनी बोटीच्या अंगाला धरलेली असते ते बोल्ट, आणि सुकाणू. धक्क्याला बांधलेली बोट बघून सौदा पक्का करणं म्हणजे गोठ्यात बसलेला बैल दारातून बघून घेणं. म्हणून बोट पाण्याबाहेर काढून बघा.

याला पुरावा काय? ‘चीकी राफिकी’ नावाची ४० फुटी बोट २००६ साली बांधलेली होती, म्हणजे म्हातारी मुळीच नव्हती. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना भर अटलांटिकमध्ये तिची कील सुटून पडली, बोट उलटली आणि चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं चौकशी केली. त्यात निघालं ते असं, की बोट पूर्वी उथळ पाण्यात तळाला टेकलेली होती, तिची दुरुस्तीही झालेली होती, आणि त्या सगळ्यामुळे कील जिथे जोडलेली होती तो भाग आतून कमकुवत झालेला असण्याची शक्यता होती. बाहेरून ती ठाकठीक दिसत होती. सांध्यातलं दुखणं वरून दिसत नाही, ते शोधावं लागतं.

शोधायचं कसं, तेही सांगते. क्रेनच्या पट्ट्यांवर बोट उचलली जात असते, तेव्हाच खाली उभं राहा. कील लटकती असताना पुढच्या बाजूला, कील आणि बोटीचं अंग मिळतं तिथे बारीक फट उघडते का ते बघा. कील जमिनीवर टेकली की बोटीचं वजन वरून येतं, तीच फट मिटते आणि वर रंगाचा एक हात मारला की कुणाला पत्ता लागत नाही. मग आत जाऊन फळ्या उचला आणि कीलच्या मागच्या टोकावरच्या आडव्या फासळ्यांना तडे आहेत का बघा. बोट कुठे आपटली असेल तर घाव तिथे बसतो. सुकाणू हातानं धरून गदागदा हलवा. बोट दोन दिवस कोरडी उभी राहिल्यावर सुकाणूच्या खालच्या कडेतून तांबूस पाणी पाझरत असेल, तर आतला पोलादी सांगाडा गंजतो आहे असं समजा. डेकवर प्लास्टिकची छोटी हातोडी वीत-वीत अंतरानं ठोकत जा. टणक आवाज आला तर बरं. भद्द आवाज आला तर दोन थरांमधलं हलकं लाकूड पाणी पिऊन कुजलं आहे. या तपासणीला अर्धा दिवस लागतो. बैलाला आपण तेवढा वेळ देतो.

आता निवडीचा प्रश्न. लांबची सफर करणाऱ्या जुन्या बोटींत मोठा फरक कीलचा. काहींची कील लांब, बोटीच्या अंगातूनच निघालेली आणि सुकाणू तिच्या मागच्या कडेला टेकलेलं. काहींची अरुंद, खालून बोल्टांनी जोडलेली आणि सुकाणू मागे एकटं लोंबणारं. गोल्डन ग्लोब ही एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, ती जुन्या पद्धतीच्याच बोटींची: आराखडा १९८८ च्या आधीचा, लांबी ३२ ते ३६ फूट आणि कील लांब. पहिले तिघे रस्लर ३६ या एकाच जातीच्या बोटींवर आले. जिंकणारे जाँ-लुक व्हान दन हीड तेव्हा ७३ वर्षांचे होते. त्याच शर्यतीत आपले भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. ती गोव्यात नवी बांधलेली. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. पुढच्या, म्हणजे २०२२ च्या शर्यतीसाठी त्यांनी वापरलेली रस्लर ३६ घेतली, तिला ‘बायानात’ नाव मिळालं, आणि २९ एप्रिल २०२३ ला ते दुसरे आले. वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र वाटेत मोडलं, तेव्हा बोटीतलंच सामान कापून त्यांनी ते पुन्हा उभं केलं. जोडकाम नव्यानं करता येतं. मूळ अंग धड हवं.

इथे जाणकार आक्षेप घेतील, आणि घ्यावाच. म्हणतील, रस्लर घेऊन निघालेले काही जण परतही फिरले. ‘थुरिया’ लांब कीलचीच होती, तरी उलटली. खरं आहे. त्या वादळानं जवळच्या दुसऱ्या एका बोटीचीही डोलकाठी घेतली. समुद्र बोटीची जात विचारत नाही. पण म्हणून जात बघायचीच नाही, असं होत नाही. लाल कंधारी बैल घेतला म्हणजे तो लंगडणारच नाही अशी हमी कुणी देत नाही, तरी कामाला कोणती जात टिकते हे शेतकरी विचारतोच. दुसरा आक्षेप वेगाचा. लांब कीलची बोट जड, वाऱ्याच्या तोंडावर चढायला आळशी, बंदरात मागे घेताना त्रास देणारी. हेही मान्य. अरुंद कीलच्या कितीतरी बोटी जगभर फिरून आल्या आहेत. तशी घ्यायला माझी हरकत नाही. मात्र अशा बोटीच्या सांध्याचा इतिहास कळलाच पाहिजे: कधी टेकली, कुणी दुरुस्त केली, बोल्ट काढून शेवटचे कधी बघितले. मालक उत्तर देताना अडखळला, तर दुसरी बोट बघा.

आणि ‘जुनी म्हणजे धोका’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच देशाचा इतिहास बघावा. भारतीयांची शिडाच्या बोटीतली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा लष्कराच्या इंजिनिअर्सनी केली, १९८५ ते १९८७ मध्ये. त्यांची ३७ फुटी ‘तृष्णा’ इंग्लंडमधून विकत घेतलेली जुनी बोट होती. ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली. तिच्यावर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून एकट्यानं जग फिरून आले, आणि तीच बोट नंतर अभिलाष टॉमींनी कुठेही न थांबता जगाभोवती नेली. त्याच गोदीतल्या ‘तारिणी’नं २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना नेऊन आणलं आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा दोघींना. फार मागे जायचं तर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ घ्या. मुंबईत सागवानात बांधलेली, अवघी ३२ फुटी. १९६८ च्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तिच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा त्यांनी बुडी मारून खालून कापूस ठासला, वर तांब्याची पट्टी ठोकली आणि निघाल्यापासून ३१२ दिवसांनी ते घरी पोचले. तिथेही प्रश्न सांध्याचाच होता.

वेळ संपत आली आहे, म्हणून पैशांचं भरभर सांगते. सगळी पुंजी खरेदीत घालू नका. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात, मग त्या वरून कितीही चमकोत. त्या तारा बोटीला जिथे अडकवलेल्या असतात, त्या पट्ट्या डेकमधून खाली जाताना आतल्या आत गंजतात. शिडं, नळांचे वॉल्व्ह, तरापा हा खर्च पुन्हा वेगळा. तेव्हा परवडेल त्याहून दोन पायऱ्या लहान बोट घ्या आणि उरलेले पैसे तिच्यावर लावा. ४२ फुटी मोडकी आणि ३४ फुटी धड, असा पेच पडला तर ३४ फुटी. घरचे म्हणतील, आतली खोली लहान आहे. असू द्या.

बोट तपासणारा सर्व्हेयर मात्र स्वतः नेमलेला हवा, विकणाऱ्यानं किंवा दलालानं सुचवलेला नको. आणि बोट पाण्याबाहेर असताना त्याच्याबरोबर दिवसभर स्वतः हजर राहा. अहवाल नंतर वाचणं वेगळं आणि हातोडीचा आवाज कानानं ऐकणं वेगळं. इंजिनाबद्दल बोलायचं होतं, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत कसा द्यावा तेही सांगायचं होतं. पण स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली आहे.