विहिरीचा तळ दिसतो तेव्हा

जळगावहून बोलतोय. बाहेर ऊन इतकं आहे की पंखासुद्धा गरम हवाच फेकतोय. मागे त्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गेल्या काही आठवड्यांत तुमचे जे मेसेज आले, त्यात एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणी सुरतला कामाला आहे, पगार थकलाय. कुणाच्या घरात भाव येईल म्हणून कापूस तसाच पडलाय आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. कुणाची फी भरायची तारीख निघून गेली. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, "दादा, प्रार्थना करतोय पण काहीच होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

हा प्रश्न तुमच्या मनात कुठून आला, ते मला माहीत आहे. मोबाईलवर रोज क्लिप येतात, "विश्वासाने बी पेरा, शंभरपट मिळेल," आणि खाली यूपीआयचा कोड. पैसे आले नाहीत तर दोष तुमच्या विश्वासाचा. मला हे शिक्षण पटत नाही, आणि बायबलशी तर ते जुळतच नाही.

एलीयाचंच बघा. १ राजे, १७ वा अध्याय. देवाने सांगितलं करीथ ओहोळापाशी जा, तो गेला. देवाने सांगितलेल्या जागेवर बसलेला माणूस, आणि तरीही ओहोळ आटला! पाऊसच नव्हता. त्याने पाप केलं म्हणून आटला, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. मग देव त्याला पाठवतो कुणाकडे? सारफथच्या एका विधवेकडे, जिच्या घरात मूठभर पीठ आणि तळाला थोडंसं तेल उरलंय. पुढे तिचं गोदाम भरलं नाही. पीठ संपलं नाही, एवढंच. म्हणजे रोज सकाळी मडक्यात हात घालायचा, तेव्हा कळणार.

असंच रोजच्या रोज जगलेली एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. नाव शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल, पण त्यांच्या आयुष्यातला उपासमारीचा भाग आपण पटकन ओलांडून जातो. तरुणपणीच, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांनी आई-वडील आणि मोठी बहीण गमावली. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली आणि विधवांना घेऊन आल्या. (रेल्वेचा नकाशा बघा. मध्य प्रांतातून केडगावला यायची वाट बहुतेक आपल्या भुसावळवरूनच. मी भुसावळ स्टेशनवर उभा असतो तेव्हा हे हमखास आठवतं.) आता हिशेब बघा. बोस्टनला १८८७ साली स्थापन झालेल्या संस्थेने शारदा सदनासाठी दहा वर्षं मदत कबूल केली होती, आणि ती मुदत संपत आली होती. या नव्या ३०० जणींसाठी त्यात तरतूदच नव्हती. त्यात पुण्यात प्लेग, म्हणून मुलींना शहराबाहेर न्या असा सरकारी हुकूम. केडगावला जमीन घेतलेली होती, तिथेच तंबू आणि झोपड्या टाकून मुक्ती सुरू झालं.

१९०० च्या दुष्काळात तर तिथे जवळजवळ १९०० माणसं झाली, शिवाय जनावरं. पाणी दोन विहिरींत. संध्याकाळी तळ दिसायचा, सकाळी पुन्हा थोडं पाणी आलेलं असायचं. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्या यावल-रावेरकडे बोअर किती खोल गेलेत हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या संध्याकाळी पोटात कसा गोळा येत असेल ते कळेल. विहीर काठोकाठ भरली नाही, भो! उद्यापुरतं पाणी आलं.

आणि रमाबाई हात जोडून नुसत्या बसल्या नव्हत्या. शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना चालवला, गरज पडली तेव्हा लोकांना पत्रं लिहून परिस्थिती उघड सांगितली. गुडघे टेकणं आणि कामाला लागणं, यात त्यांना भांडण दिसलं नाही. मला वाटतं आपण तरुण इथेच अडतो. मंडळीत कुणाला कळू नये म्हणून आपण गप्प राहतो. प्रार्थनेच्या विनंतीत "माझ्या एका मित्रासाठी" म्हणतो आणि गुपचूप ॲपवरून कर्ज उचलतो. त्यापेक्षा पाळकसाहेबांना सांगा, बायबल अभ्यासातल्या एखाद्या काकूंना सांगा. सारफथच्या घरी एलीयाने तोंड उघडून पाणी आणि भाकर मागितलीच होती ना? तो संदेष्टा होता, तरी मागितली.

आणि मंडळीतल्या मोठ्यांनो, तुम्ही ऐकत असाल तर हेही ऐका. उपाशी पोराला "विश्वास ठेव बेटा" एवढंच सांगून घरी पाठवू नका. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्यासाठीच आहे.

विश्वास ठेवला की दुःख टळतं, असंही नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्यानंतरही रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

आज झोपण्याआधी हबक्कूकचा तिसरा अध्याय काढा, शेवटची दोन-तीन वचनं. त्यात पिकांची आणि गोठ्याची यादी आहे, सगळं गेलेलं. त्या जागी आपली यादी घाला. कापूस, केळी, थकलेला पगार, फी, गाडीचा हप्ता. मोठ्याने म्हणा, देवासमोर लपवण्यासारखं त्यात काही नाही. मग पुढचं वचन वाचा. तोंडातून निघालं नाही तर तिथेच थांबा, आणि उद्या पुन्हा वाचा.

ज्यांनी मेसेज केलेत, त्यांची नावं घेऊन मी या आठवड्यात प्रार्थना करतोय. कुणाला काम हवं असेल तर तेही लिहा, आपल्या ऐकणाऱ्यांत दुकानं आणि शेती असलेले बरेच जण आहेत. गुरुवारी भेटू.