यंत्राचा दिवा काय सांगतो?

कबनूर कुठे संपते आणि इचलकरंजी कुठे सुरू होते, हे परक्या माणसाला सांगता यायचे नाही. दोन्हीकडे कानावर पडतो तो मागाचाच खडखडाट. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालवला, तेव्हापासूनचा हा आवाज. या मागात एक लहानसा काटा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली, की तो काटा माग थांबवतो. आता धागा शाबूत असूनही माग थांबू लागला, तर विणकर काय करतो? माग भंगारात घालत नाही. तो आधी काटा तपासतो. पण म्हणून काटा बांधूनही ठेवत नाही. बांधला तर कापड वाया जाणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आज मला बोलायचे आहे ते माती उकरणाऱ्या मोठ्या यंत्रांविषयी. आपण कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला सरसकट 'जेसीबी' म्हणतो. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आले. पूर ओसरल्यावर गाळ काढण्याच्या कामात या यंत्रांचे मोल सगळ्यांना कळले. चाकांवर चालणाऱ्या अशा यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांत सेन्सर वाढले. सेन्सर म्हणजे मागातला तो काटाच. कुणी तेलाचा दाब पाहतो, कुणी पाण्याची उष्णता पाहतो, आणि आतल्या संगणकाला कळवतो.

समजा, गावातल्या एका तरुणाने कर्ज काढून यंत्र घेतले आहे. ऐन कामात लाल दिवा लागतो. ड्रायव्हर म्हणतो, "मालक, दिवा लागलाय." मालक म्हणतो, "लागू दे रं, एवढा चर संपव." मंडळी, इथेच घात होतो. तेलाचा दाब खरोखरच गेला असेल, तर इंजिन जॅम व्हायला काही मिनिटेही पुरतात. मग कर्जाचा हप्ता कुठून भरायचा? म्हणून पहिला नियम असा : दिवा खोटा आहे असे सिद्ध होईपर्यंत तो खराच मानावा. इंजिन बंद करावे. ऑईलची पट्टी काढून पहावी. कूलंट पहावे, पण गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. मिस्त्रीकडून साधे काट्याचे मीटर लावून दाब मोजून घ्यावा. मीटर दाब ठीक दाखवते आणि दिवा तरी लागतो, तर मग संशय सेन्सरवर.

दुसरा नियम : पडद्यावरचा आकडा पुसण्याआधी वहीत लिहून घ्या. पुष्कळ यंत्रांत दोन आकडे येतात. पहिला, एसपीएन, तक्रार कुठली ते सांगतो. १०० म्हणजे तेलाचा दाब, ११० म्हणजे पाण्याची उष्णता. दुसरा, एफएमआय, तक्रार काय ते सांगतो. ३ म्हणजे विजेचा दाब प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. काही कंपन्यांचे आकडे निराळे असतात, तेव्हा यंत्राचे पुस्तक जपून ठेवावे.

समजा, ११० आणि ४ आले. चावी चालू ठेवा, इंजिन बंद ठेवा, आणि उष्णतेच्या दोन तारांच्या सेन्सरचा कपलर काढा. ४ जाऊन ३ आला, तर तार ठीक आहे, सेन्सर गेला. ४ तसाच राहिला, तर सेन्सर निर्दोष. तार कुठेतरी घासून लोखंडाला टेकली असणार. ही परीक्षा दोन तारांच्या सेन्सरचीच, हे ध्यानात ठेवा. तीन तारांच्या सेन्सरला बहुधा ५ व्होल्टची वीज पुरवलेली असते, तिथे तारा जोडून पाहण्याचा खेळ करू नये.

एकदम तीन-चार सेन्सरांची तक्रार आली, तर सगळे बदलायला धावू नका. चौघे एकाच दिवशी आजारी पडले, तर आपण विहिरीचे पाणी तपासतो ना? तसेच इथे. ५ व्होल्टची सामाईक तार किंवा अर्थिंग तपासावे. एक बिघडलेला सेन्सरही बाकीच्यांची वीज खाली ओढतो. एकेकाचा कपलर काढून पहावा, चोर सापडतो. आणि कपलर उघडलाच आहे, तर आत पाणी, हिरवा गंज, वाकलेली पिन आहे का ते बघा. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, तेही बघा.

बिनखर्चाची आणखी एक युक्ती. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राची सकाळी फक्त चावी फिरवा. पाणी, हवा, डिझेल यांचे अंश जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. त्यात एकटाच उणे ४० म्हणत असेल, तर कबनूरच्या सकाळी ते कोण खरे मानील?

गुरुजनांना एक विनंती. गॅरेजमधून चालू स्थितीतला एक जुना उष्णतेचा सेन्सर मागून घ्या. तो मल्टिमीटरला जोडून आधी साध्या आणि मग ऊन पाण्यात धरा. नेहमीच्या एका प्रकारात २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम रोध दिसतो, आणि उकळत्या पाण्यात तो २०० च्या आसपास उतरतो. उष्णता वाढली की रोध घटतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. त्यांतलाच एखादा उद्याचा चांगला मिस्त्री होईल.

शेवटी एकच सांगणे. दिवा त्रास देतो म्हणून तार तोडून किंवा जोडून त्याचे तोंड बंद करणारे लोक भेटतात. त्यांना मागाच्या काट्याची आठवण द्या. दिवा विझला म्हणजे दुखणे बरे झाले असे नव्हे.