गाविलगडाच्या दरवाज्यावरचा दोन डोक्यांचा पक्षी



जिनिंगच्या कामगारांत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने राजघराण्याच्या वंशावळीवर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे कारण सांगतो. आमच्यातला एक गडी वारला. त्याच्या हक्काच्या पैशासाठी त्याची बायको एका कचेरीत गेली. तिथल्या बाबूने तिला आजेसासऱ्याचे नाव विचारले. ती माउली सासऱ्यापर्यंत पोचली आणि थांबली. पैसा सहा महिने अडला. मलाही माझ्या आज्याच्या पलीकडचे नाव ठाऊक नाही. तेव्हापासून, ज्यांना आपले कूळ सांगता येत नाही अशा माणसांविषयी मला कुतूहल लागले. आणि असा एक माणूस आपल्याच वऱ्हाडचा राजा होऊन गेला.

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला आपण सारे गेलेलो आहोत. गाविलगडही पाहिला असेल. त्याच्या एका भव्य दरवाज्यावर दोन डोक्यांचा पक्षी कोरलेला आहे, सोबत सिंह आहेत, हत्ती आहेत. हत्तीसारखे जनावर या पक्ष्यापुढे केविलवाणे दिसते. कानडी मुलखात याला गंडभेरुंड म्हणतात. मुसलमानी अमदानीतल्या किल्ल्यावर हे पाखरू कुठून आले?

बहामनी सुलतान अहमदशहा 1422 साली गादीवर आला आणि त्याने विजयनगरावर स्वारी केली. त्या स्वारीत एक कानडी ब्राह्मणाचा मुलगा कैद झाला. त्याचा धर्म पालटला, नाव पालटले आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी तो वाढला. त्याच्या बापाचे नाव इतिहासाने नोंदले नाही. तोच पुढे फतहुल्ला इमादुल्मुल्क झाला. महमूद गावानाने सुभ्यांची वाटणी केली तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे पडले. त्यातले गाविल याच्या वाट्याला आले. 1488 च्या सुमारास त्याने या किल्ल्याची मोठी दुरुस्ती केली आणि 1490 मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याच्यामागे अलाउद्दीन, मग दर्या, मग बुऱ्हाण. एवढीच इमादशाहीची वंशावळ. चार नावांत आटोपते. बुऱ्हाण पोरवयाचा, त्याला तुफालखानाने नरनाळ्यावर कोंडले, आणि 1574 मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वऱ्हाड गिळले.

आता लोक म्हणतात, की फतहुल्लाने आपल्या जन्मभूमीची, विजयनगरची, राजमुद्राच दारावर बसविली. गोष्ट गोड आहे, पण जरा तपासून घ्यावी. विजयनगरची राजमुद्रा वराहाची. गंडभेरुंडाची नाणी अच्युतरायाने पाडली, आणि तो गादीवर आला 1529 मध्ये, म्हणजे फतहुल्लानंतर. मग काय खोटे? माझ्या मते खोटे एवढेच, की ते राजाचे चिन्ह. शिमोगा जिल्ह्यात बळ्ळिगावीला अकराव्या शतकातला गंडभेरुंडाचा स्तंभ आजही उभा आहे. म्हणजे हे पाखरू कोणा एका राजाचे नसून त्या मुलखाचेच होते. लहानपणी गाव सुटलेल्या पोराला राजमुद्रेपेक्षा गावच्या देवळातले चित्र अधिक आठवते, असे मला वाटते. कोणी म्हणेल, कानडी पाथरवटांनी आपल्या मनाने कोरले असेल. तेही शक्य आहे. मालकाच्या दारावर मजुराचा हात उमटतोच.

जर्मनीतही दोन डोक्यांचा गरुड होता. तिथे 1433 पासून सिगिसमुंडाच्या काळी तो सम्राटाचे चिन्ह ठरला. तिथल्या सरदारांत ढालीवरचे चित्र बापाकडून लेकाकडे जाते, आणि या खुणांवरून कोण कोणाचा ते ओळखतात. आपल्याकडे मराठ्यांत ही कामे देवक करते, पण ते ढालीवर नसते, लग्नाच्या मांडवात असते.

कुळाचा अभिमान मात्र दोन्हीकडे सारखाच आंधळा. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुषही ब्राह्मणच. त्याच्या घराण्याचे कुलकर्णीपण पाथरीचे. ती पाथरी इमादशाहीच्या हद्दीत होती. सुलतान झालेल्या बुऱ्हाण निजामशहाला आजोबांचे गाव हवे होते. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो अलाउद्दीनने नाकारला. 1518 मध्ये निजामशहाने पाथरी लढून घेतली. दोन मुसलमान सुलतान, दोघांचे पणजे-आजे ब्राह्मण, आणि भांडण एका कुलकर्ण्याच्या गावावरून! आमच्या शेताच्या बांधावरची भांडणे यापुढे शहाणपणाची वाटतात.

पुढे दर्या इमादशहाची मुलगी दौलत ही हुसेन निजामशहाला दिली, म्हणजे सोयरीकही झाली. पण गाविलगड काही त्यामुळे वाचला नाही. निजामशाहीनंतर मोगल, मग नागपूरकर भोसले, आणि 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीच्या तोफा. मालक इतके फिरले, पण दारावरचे पाखरू कोणी फोडले नाही. सुटीत पोरांना घेऊन गेलात, तर बुरुजांवरून आधी पळू नका. दरवाज्यापाशी थांबून वर बघा.