जुन्या लॅपटॉपची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली; यंत्राविषयी बोलायला उभी राहीन असे कधी वाटले नव्हते. आमच्या मुलीचा लॅपटॉप जुना, रॅम अवघी २ जीबी. तो सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून गाळून होई. नवा घ्यायचा तर सोयाबीनच्या पैशाला हात लावावा लागला असता.

अंबाजोगाईला शिकणारा भाचा म्हणाला, "मावशी, विंडोज काढून हलके लुबुंटू घालू. फुकट असते." फुकट म्हटल्यावर मला शंका! पण हे लिनक्सच्या घराण्यातले. त्याचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने विद्यार्थी असताना १९९१ साली लिहिला आणि पुढे जगभरच्या लोकांनी वाढवला.

भाच्याने ते पेनड्राइव्हवर घेतले व आधी तिथूनच चालवून पाहिले. वायफाय लागले, मराठी अक्षरे नीट दिसली. मग पडद्यावर प्रश्न आला, डिस्क पुसायची का? तो बटण दाबणार, इतक्यात मी म्हटले, "अरे, सासूबाईंचे फोटो यातच आहेत ना?" दोघे गप्प. कोणी उतरवूनच घेतले नव्हते! शेजारून दुसरा पेनड्राइव्ह आणला, फोटो त्यात घेतले, एकेक उघडून पाहिला, तेव्हा कुठे मी 'दाब' म्हटले.

आता मुलगी त्यावर अर्ज भरते. चार पाने एकदम उघडली की मात्र अजून अडखळतो.