भिंतीवरचा आकडा

श्रोतेहो, जून उलटला की आपल्या नगर जिल्ह्यात वर्तमानपत्र वाचायची रीतच बदलते. राजकारणाची बातमी मागे राहते आणि माणसे आधी एक छोटी चौकट शोधतात. भंडारदरा इतके टक्के, निळवंडे इतके, मुळा इतके, जायकवाडी इतके. शेजारी निळ्या रंगाने अर्धवट भरलेले धरणाचे चित्र. ही चौकट म्हणजे चार ओळींचा मजकूर, पण चहाच्या टपरीवर तिच्यावर जितका वाद होतो तितका एखाद्या अग्रलेखावर क्वचितच होत असेल. आज ही चौकट मोबाइलवरही येते, रंगीत होऊन येते, आणि वाद टपरीवरून खिशात पोहोचला आहे. अशा आकड्यांच्या चित्रांविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मी कवितेचा माणूस. बी. ए.ला असताना अर्थशास्त्राचे एक-दोन पेपर दिले, तेवढाच माझा या विषयाशी औपचारिक संबंध. पण आकड्यांचे चित्र काढायला आणि त्यावर भांडायला पदवी लागते, असे मला कधीच वाटले नाही. आमच्या घरात ते चित्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर होते. रतिबाचे दूध आले, की अम्मी कोळशाने एक उभी रेघ ओढायची. चार रेघा झाल्या, की पाचवी त्यांच्यावरून आडवी. ज्या दिवशी दूध आले नाही, त्या दिवशी गोल. महिनाअखेरीला गवळीदादा उंबऱ्यापाशी बसायचे, त्यांची स्वतःची मोजदाद तोंडपाठ असायची. मग वाद व्हायचा. "भाभी, हा गोल चुकीचा आहे, त्या दिवशी पोरगा दूध देऊन गेला होता." अम्मी रेघा पुन्हा मोजायची, कधी ती माघार घ्यायची, कधी ते घ्यायचे. दोघांनाही अक्षरओळख बेताचीच. पण दोघांना एकच भिंत दिसत होती आणि दोघांनाही तिच्यावर बोट ठेवता येत होते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात अशी भिंत असेल.

चित्र काढले की आकडा बोलू लागतो, हे जगाने फार मोठी किंमत मोजून शिकले आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. रोग दूषित हवेने पसरतो, अशी तेव्हाची समजूत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला ती पटत नव्हती. साथीनंतर त्याने त्या भागाचा नकाशा छापला. ज्या घरात माणूस दगावला, त्या घरापाशी एक छोटी काळी पट्टी. पट्ट्यांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती होती. साथ चालू असतानाच त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढला गेला होता. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे रंगीत चित्र काढले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक गेले, हे त्या चित्रात डोळ्यांना दिसत होते. सरकारी अहवाल वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यांनाही ते पाहावे लागले.

पण इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या नगर तालुक्यातले हिवरे बाजार घ्या. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले, माणसे बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. झाडे लावली, समतल चर खोदले, बंधारे बांधले, शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत असे ठरले, ऊस आणि केळी यांसारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना गावाने नकार दिला. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. या कथेतला एक भाग मात्र कौतुकाच्या गर्दीत मागे राहतो. तो म्हणजे पाण्याचा ताळेबंद.

ताळेबंदाची रीत साधी आहे. गावात पर्जन्यमापक आहेत, काही निवडक विहिरींची पाण्याची पातळी मोजली जाते. एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा हजार लिटर पाणी पडले. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पावसात गावावर जवळपास ९८ लाख लिटर पाणी उतरते. चारशे मिलिमीटरला सुमारे ३९० कोटी लिटर. ऐकून वाटते, समुद्रच आला. मग वजाबाकी सुरू होते. काही पाण्याची वाफ होते, काही वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते, आणि उरलेले जमिनीत मुरते. या शिलकीतून आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग शेतीचे. काही भाग पुढच्या वर्षासाठी राखायचा. हे सगळे ग्रामसभेपुढे मांडले जाते, गावाला वाचता येईल असे फलकावर लिहिले जाते आणि यंदा रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे, ते त्यावर ठरते. पाऊस कमी, तर पेरा कमी.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ. फलक पेरणीच्या आधी लागतो. पीक वाळल्यावर आकडा हाती आला, तर त्याचा उपयोग पंचनाम्यापुरता. पेरणीच्या आधी आला, तर त्यावर भांडता येते, आणि भांडून शहाणपणाचे काही ठरवता येते. आता ही पद्धत गावोगाव जात आहे. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गावाने स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडावा, हा मुख्य विचार होता, आणि त्या योजनेत आपला जिल्हाही होता. ताळेबंदाचा कागद फाइलला लागला की भिंतीवर आला, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावाने स्वतःला विचारायचा आहे.

श्रोतेहो, चित्र खरे असूनही फसवू शकते, हेही सांगितले पाहिजे. त्या धरणांच्या चौकटीकडेच पुन्हा पाहा. एका बाजूला भंडारदरा शंभर टक्के, दुसऱ्या बाजूला जायकवाडी पंधरा टक्के. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येते, वरचे तृप्त आणि खालचे तहानलेले. पण भंडारदरा पूर्ण भरले तरी त्यात पाणी अकरा टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीहून अधिक. त्याचे पंधरा टक्के म्हणजेही साडेअकराच्या घरात. दोन्हीकडचे पाणी जवळपास सारखेच, पण एक पट्टी भरलेली दिसते आणि दुसरी रिकामी. आता याच टक्क्यांवर मोठा तंटा उभा आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे, असे समन्यायी वाटपाचे सूत्र आहे. त्यामागे २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे. पाणी सोडायची वेळ आली, की इकडे मोर्चे निघतात, तिकडे मराठवाड्यात निघतात. दोघांच्या हातात आकडे असतात आणि दोघांचेही आकडे बहुधा खरेच असतात. एक टक्के दाखवतो, दुसरा टीएमसी. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी छापले, तर तंटा मिटणार नाही, पण निदान तो पाण्याबद्दलचा तंटा होईल.

दुसरे फसवे चित्र सरासरीचे. जिल्ह्यात यंदा सरासरीइतका पाऊस झाला, अशी बातमी येते, नकाशावर जिल्हा हिरवा रंगवला जातो. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पारनेर, पाथर्डी, कर्जतला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. अशा जिल्ह्याची सरासरी काढली, तर तो पाऊस कोणाच्याच अंगणात पडलेला नसतो. तालुक्याचा आकडा हवा, मंडळाचा हवा, शक्य असेल तर गावाचा हवा. चित्र जितके जवळून काढावे, तितकी त्यात माणसे दिसू लागतात.

तिसरी गोष्ट, रेघ कोठून सुरू करायची ही. कांद्याच्या भावाचा आलेख घ्या. भाव चढू लागला, की तो चढाचा तुकडा दूरचित्रवाणीवर लाल रंगात दिसतो, शहरातल्या गृहिणीचा चिंतातुर चेहरा दिसतो. ती चिंता खोटी नाही. पण तीच रेघ आणखी काही महिने मागे नेली, तर घोडेगाव, राहुरी, पारनेरच्या बाजारात कांदा गाडीभाड्यालाही पुरला नाही, तो तळ त्यात दिसला असता. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली गेली, मे २०२४ मध्ये बंदी उठली. त्या काळात ग्राहकाने एक आलेख पाहिला आणि शेतकऱ्याने दुसरा. दोन्ही आलेखांत एकही आकडा खोटा असण्याची गरज नव्हती. गझलेचा एक शेर सुटा काढला, की त्याला स्वतंत्र अर्थ असतो, आणि ते त्याचे सौंदर्य आहे. भावाच्या रेघेचे तसे नाही. तिचा तुकडा सुटा काढला, की अर्थच उलटा होतो.

आणि आता मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. चित्रात नसलेली माणसे. पाण्याच्या ताळेबंदात विहीर असते, पंप असतो, एकरी पेरा असतो. ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याचा रकाना पिण्याच्या पाण्यापुरता. हंडा घेऊन रोज दोन खेपा करणाऱ्या बाईने किती तास चालण्यात घालवले, याचा रकाना मी तरी कोठे पाहिलेला नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोडीची कुटुंबे दिवाळी झाली की कोयते घेऊन निघतात, आणि गावात शिलकीचा हिशेब साधारण त्याच सुमारास मांडला जातो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांची जागा रिकामी असते. कोरम झाला, ठराव झाला, फलक रंगला. पण ज्यांच्या तहानेचा हिशेब मांडला, ती माणसे दोनशे किलोमीटरवर कोपीत आहेत. त्या फलकाला खोटे म्हणता येणार नाही. अपुरे म्हणावेच लागेल.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत एक परंपरा आहे, तिची आठवण ठेवावी. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी होत होती, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ एकत्र बसले. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. एकाला जमीन कळत होती, दुसऱ्याला ताळेबंद. माहितीच्या अधिकाराची चळवळ महाराष्ट्रात मोठी झाली, तीही पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून. अण्णा हजारे त्यासाठी उपोषणाला बसले. राज्याचा कायदा २००२चा, केंद्राचा २००५चा. त्या कायद्यात एक कलम आहे, ज्याकडे फार कमी लोक पाहतात. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयांनी आपली माहिती आपण होऊन लोकांपुढे ठेवावी, असे चौथे कलम सांगते. म्हणजे भिंतीवरचा आकडा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो आपला हक्क आहे.

हल्ली मोबाइलवर रोज चित्रे येतात. कोणत्या राज्यात पगार जास्त, कोणत्या शहरात घर महाग, कोणत्या समाजात मुले किती. रंग सुंदर असतात, आणि रंग सुंदर असले की आपण ते क्षणात पुढे पाठवतो. शेवटच्या प्रकारची चित्रे तर शेजाऱ्याकडे संशयाने पाहायला लावण्यासाठीच काढलेली असतात. माझे नाव पाहून मी हे का म्हणतो, ते तुम्हाला समजेल. पण नाव बाजूला ठेवूनही ते खरेच आहे. अशा वेळी तीन साधे प्रश्न विचारावेत. हे कोणी मोजले? कोठून कोठपर्यंत मोजले? आणि मोजताना कोण सुटले? उत्तर मिळाले नाही, तर बोट थांबवावे.

गावातही हेच तीन प्रश्न चालतील. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यंदाचा पाऊस, विहिरींची पातळी, टँकरच्या खेपा, रोजगाराच्या कामावरची हजेरी, हे सगळे मोठ्या अक्षरांत लिहायला एक डबा रंग पुरतो. फक्त तो ऑइलपेंटने कायमचा रंगवू नये. फळा करावा आणि फळ्याखाली खडू ठेवावा. ज्या बाईला वाटेल की टँकर आठवड्यात तीनदा आलाच नाही, तिला तिथे जाऊन तिसरी रेघ पुसता आली पाहिजे, आणि मग सरपंचांनी सगळ्यांसमोर तिच्याशी वाद घातला पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)